आवाज येतो, सबब परत

मनुष्याने मिरजेत राहून काय करावे, यासंबंधी आमच्या गावाच्या काही जुन्या आणि ठाम कल्पना आहेत. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली येथे इस्पितळ उघडले तेव्हापासून निम्मे गाव कोणत्या ना कोणत्या नात्याने लोकांच्या दुखण्याशी बांधलेले आहे. उरलेल्यांतले काही रेल्वेत, काही बाजारात, आणि जी थोडी घरे शिल्लक राहतात ती भोपळ्यांना तारा लावून त्यांतून सूर काढतात. या सर्व उद्योगांत मनुष्य काम करीत असताना इतरांस दिसतो, ही मोठी सोय आहे. मी मात्र गेली पाच वर्षे माजघरात, पूर्वी लोणच्याच्या बरण्यांसाठी राखून ठेवलेल्या कोनाड्याशी टेबल लावून, कानात बोंडे खुपसून, भिंतीकडे पाहत मधूनमधून ‘हो, हो, नक्की’ असे म्हणत असतो. आणि यालाच नोकरी म्हणतात हे गल्लीच्या गळी उतरविण्याचे माझे सर्व प्रयत्न आजवर व्यर्थ गेले आहेत.

कंपनी पुण्याची. कुकरच्या शिट्टीपासून देवघरातल्या घंटेपर्यंत, आणि पुण्यापुरती भाजीसुद्धा, ती ऑनलाइन विकते. २०२० च्या मार्चात, टाळेबंदीच्या आदल्या आठवड्यात, ‘पंधरा दिवस घरून काम करावे’ असा हुकूम घेऊन मी मिरजेस आलो, आणि तो हुकूम मागे घ्यावयाचे पुढे कोणाच्या ध्यानात न राहिल्याने अद्याप येथेच आहे. कंपनी स्वतःस दुकान म्हणवून घेत नाही, प्लॅटफॉर्म म्हणवून घेते. आणि आमच्याकडे कामाच्या प्रत्येक नगास तिकीट म्हणतात. आईने या दोन शब्दांवरून आपला निष्कर्ष काढला असून, ‘पुण्याच्या प्लॅटफॉर्मवर आहे, तिकिटांचं बघतो’ असे ती शेजारणींना सांगते. आजोबा रेल्वेत होते, तेव्हा हे लोकांस सहज पटते, आणि कोणी कोणी दिवाळीच्या आरक्षणाची चिठ्ठीही माझ्याकडे धाडतात.

कंपनी मध्यम आकाराची आहे. पाचपंचवीस माणसांची पेढी असती तर मालकाने स्वतः खांद्यावर हात ठेवून पगार लांबविला असता. वीसपंचवीस हजारांचा कारखाना असता तर माझे नावच कोणाच्या कानी न गेल्याने मी निर्वेधपणे निवृत्तीपर्यंत पोचलो असतो. आमच्याकडे दोनशे साठ माणसे आहेत. म्हणजे प्रत्येकास प्रत्येकाचा वाढदिवस ठाऊक असतो, परंतु तो नेमके काय करतो हे विचारण्याची वेळ केव्हाच टळून गेलेली असते. नियम मोठ्या कंपन्यांकडून उसने आणलेले, आणि ते पाळावयास माणसे मात्र लहान पेढीइतकी. त्यामुळे रजेची दरखास्त रीतसर तीन पायऱ्या चढते, आणि पहिल्या पायरीवर ज्याने ती ‘शिफारस’ असा शेरा मारून वर पाठविली तोच गृहस्थ तिसऱ्या पायरीवर बसून तिच्यावर नापसंतीचा शेरा मारतो.

हुद्द्यांची मात्र रेलचेल आहे. सीनियर आहेत, ज्युनियर आहेत, असोसिएट आहेत, आणि मी स्वतः ‘ज्युनियर लीड’ आहे, म्हणजे पुढे चालावयाचे पण फार पुढे नाही. मिरजकरास याचे वैषम्य वाटत नाही. १८२० साली पटवर्धनांच्या दौलतीची वाटणी झाली तेव्हा आमच्या संस्थानाच्याच थोरली पाती आणि धाकटी पाती झाल्या, आणि साहेबाच्या दप्तरात त्यांची नोंद मिरज सीनियर व मिरज ज्युनियर अशी होती. जेथे प्रत्यक्ष राजेसाहेबांना ज्युनियर होऊन राज्य करावे लागले, तेथे माझ्यासारख्या कारकुनाने नाक मुरडणे शोभत नाही.

कारकून हा शब्द मी विचारपूर्वक वापरला. माझे आजोबा मिरज जंक्शनच्या मालधक्क्यावर कारकून होते. त्या काळी येथे दोन मापांचे रूळ होते: पुण्याहून बंगळूरकडे जाणारा मीटरचा, आणि १९२७ साली इथवर येऊन पोचलेल्या बार्शी लाईटचा अडीच फुटी. पुढे १९७१ साली पुण्याकडून साडेपाच फुटी रुंद रूळ आला आणि तिन्ही मापे एका आवारात नांदू लागली. एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळावर चालत नाही. सबब लातूर-पंढरपुराकडून अडीच फुटी डब्यातून आलेले प्रत्येक पोते मिरजेस उतरवावे, मोजावे, फाटले असल्यास दाभणाने शिवावे, आणि हमालाच्या पाठीवरून मीटरच्या डब्यात चढवावे, असा क्रम होता. आजोबांनी त्यांतले एकही पोते पिकविले नाही, विकले नाही की विकत घेतले नाही. उतरले किती, चढले किती, आणि मध्ये सांडले किती, एवढेच त्यांनी एकतीस वर्षे सुवाच्य अक्षरात लिहिले. लहानपणी मला त्यांची कीव येत असे.

आज मी तंतोतंत तेच करतो. विक्रेत्याचा तक्ता एका मापाचा असतो, गोदामाचा दुसऱ्या आणि संकेतस्थळाचा तिसऱ्या. विक्रेता डझन लिहितो, गोदाम नग मागते, संकेतस्थळास फक्त ‘सेट’ कळतो. आणि या तिन्ही रुळांच्या मध्ये धक्क्यावर मी उभा. एकदा पोते फाटले. एका सद्‌गृहस्थांनी मागविलेल्या एक डझन चमच्यांऐवजी त्यांना एकशे चव्वेचाळीस चमचे रवाना झाले. त्यांनी ‘चमचे उत्तम आहेत’ असा अभिप्राय लिहिला, पाच तारे दिले, आणि त्यानंतर ते फोन उचलेनासे झाले. आजोबांजवळ निदान दाभण होते.

रोज सकाळी दहा वाजता ‘स्टँड-अप’ नावाची सभा भरते. ती उभ्याने करावी, म्हणजे पाय दुखून लौकर आटोपेल, अशी मूळ योजना. परंतु पडद्यावर मनुष्य कमरेपर्यंतच दिसत असल्यामुळे सारेजण बसूनच उभे असतात आणि सभा पाऊण तास चालते. नेमक्या याच मुहूर्तावर आमच्या घरी पाहुणे येतात. जतपासून अथणीपर्यंतच्या आमच्या गोतावळ्यात ‘मिरजेला दाखवून येऊ’ हे वाक्य देवाच्या नावाइतके परिचित असल्याने, कोणाचा ना कोणाचा मूतखडा, गुडघा वा मोतीबिंदू बारा महिने आमच्या पडवीत विसावलेला असतो, आणि दिवसाउजेडी घरात सापडणारा एकमेव पुरुष म्हणून इस्पितळात डबा पोचविण्याचे खाते माझ्याकडे आहे. गेल्या आषाढात अथणीच्या मावशींचे दीर आले. कानातून तारा निघालेल्या, भिंतीकडे तोंड करून पुटपुटणाऱ्या माझ्याकडे त्यांनी बराच वेळ सहानुभूतीने पाहिले, आणि मग आईला हलक्या आवाजात विचारले, ‘ह्याला कुठल्या डॉक्टरचं चालू आहे?’ दुर्दैवाने माझा माईक उघडा होता. सभेच्या इतिवृत्तात त्या दिवशी माझ्या नावापुढे ‘प्रकृती ठीक नाही’ अशी नोंद झाली, आणि चार दिवसांनी कंपनीकडून सुक्या मेव्याचा डबा आला. तो दिरांनी खाल्ला.

एरवी आमचे असे बरे चालले होते. पण २०२४ साली मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, आणि कंपनीच्या वरिष्ठ मंडळाच्या अंतःकरणात एकाएकी हस्तकलेविषयी जिव्हाळा उत्पन्न झाला. ‘मिरजेत आपलं कोणी आहे का?’ अशी विचारणा झाली. होतो.

सतारमेकर गल्लीतले चाचा मला बाळपणापासून ओळखतात. ही मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारी. लढाया थांबल्या, तलवारीला गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा फरीदसाहेब शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पोलाद बाजूला ठेवून भोपळा हाती धरला. धंदा पालटण्याचा याहून सभ्य दाखला मला ठाऊक नाही. आमच्याकडे यालाच ‘पिव्हट’ म्हणतात आणि तो कसा करावा हे सांगण्यासाठी सल्लागारास पैसे मोजतात.

चाचांच्या दुकानात लॅपटॉप टेकवावयास भोपळ्याखेरीज सपाट जागा नव्हती, आणि भोपळा सपाट नसतो. अखेर मांडीवर घेऊन मी नोंदणीचा तक्ता उघडला. सत्तेचाळीस रकाने. ‘बॅटरी लागते का?’ या पहिल्या प्रश्नालाच चाचांनी चष्मा काढून ठेवला. ‘पाण्यात चालतो का’, ‘कोणत्या वयाच्या बालकांसाठी’ हे मी माझ्या अधिकारात गाळले. वॉरंटीशी मात्र अडलो, कारण तो रकाना भरल्यावाचून यंत्र पुढे सरकत नव्हते.

‘किती वर्षं टिकंल असं लिहू, चाचा?’

‘माझ्या आज्ज्यानं केलेला तंबोरा दर्ग्यात उरसाला अजून लागतोय. लिही काय लिहायचं ते.’

मिरासाहेबांच्या दर्ग्याचा दाखला निघाल्यावर बोलणेच खुंटले. तिथे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ पासून चिरनिद्रा घेत आहेत आणि दर उरसाला गवई येऊन त्यांच्यापुढे हजेरी लावून जातात. मी छत्तीस महिने लिहिले. यंत्राला त्यापलीकडचा काळ मान्य नव्हता.

‘मुख्य घटक’ या रकान्यात मी प्रामाणिकपणे ‘भोपळा’ लिहिले, आणि तेथे घात झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो, वर्गवारी करणाऱ्या यंत्राने तंबोरा ताज्या भाजीपाल्यात, दुधी आणि दोडका यांच्या मध्ये, मांडून ठेवला होता, आणि खाली ‘तीन दिवसांत वापरावा’ अशी सूचना होती. मी तिकीट काढले. भाजीपाला खात्याने कळविले की भोपळा आमच्या अखत्यारीतील असून हस्तकला विभागाने परभारे त्यावर हक्क सांगू नये. त्यावर मसलत झाली, दोन सभा झाल्या. कोणी असेही सुचविले की तूर्त तेथेच राहू द्यावा, कारण भाजीच्या पानावर वर्दळ जास्त आहे. अकराव्या दिवशी तंबोरा वाद्यांत रुजू झाला.

आणि विकला गेला! दूरच्या एका शहरातून मागणी आली. चाचांनी त्या तंबोऱ्याची जवारी काढावयास दोन दिवस घेतले. हे काम ज्याने पाहिले नाही त्यास सांगून कळणे कठीण. घोडीचा माथा कानशीने इतका हलका घासावयाचा की हाताला काही गेल्याचे कळू नये. मग तार चढवून छेडावयाची, ऐकावयाचे, उतरवावयाची, पुन्हा घासावयाचे. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवावयाचा. तो केसभर पुढे गेला तर आवाज बसतो, केसभर मागे राहिला तर मिटतो, आणि नेमका जागी आला की इतका वेळ नुसता ठणठणणारा भोपळा एकदम उघडतो व तारेतून दुसरीच एखादी तार बोलू लागल्यासारखी रुंद झिणझिण दुकानभर पसरते. ‘खुलली,’ चाचा म्हणाले आणि त्यांनी चहा मागविला.

नियमाप्रमाणे तंबोरा भिवंडीच्या गोदामातून गेला. नवव्या दिवशी परत आला. कारणाच्या रकान्यात ग्राहकाने लिहिले होते: ‘आवाज येतो. सारखी झिणझिण. माल सदोष, सबब परत.’ आमच्या गुणवत्ता विभागाने गोदामात तपासणी करून खाली आपला शेरा जोडला होता, आणि तो मी शब्दशः देतो, कारण सरकारी वा खाजगी कोणत्याही दप्तरात मी याहून निष्पाप मजकूर वाचलेला नाही: ‘तक्रार खरी आढळली. चारही तारांखाली दोऱ्याचे तुकडे अडकले होते, ते काढून टाकले. आता आवाज येत नाही.’

शुक्रवारी दुपारी तो तंबोरा खांद्यावर घेऊन मी गल्लीत गेलो आणि शेरा चाचांना वाचून दाखविला. ते रागावतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी तो दुसऱ्यांदा वाचावयास लावला, मग बराच वेळ मिशीत हसत राहिले, आणि फळीवरचे सुताचे रीळ काढून खाली बसले. चार वाजता माझी आठवड्याची आढावा-सभा होती. घरी जाण्याइतका वेळ नव्हता, म्हणून मोबाइल एका न रंगविलेल्या भोपळ्याला टेकवून मी तेथूनच रुजू झालो. पडद्यावर बारा चेहरे. परत येणाऱ्या मालाचे प्रमाण या विषयावर वरिष्ठ बोलत होते, आणि माझी पाळी येऊन मी ‘तंबोऱ्याच्या बाबतीत’ एवढे म्हणतो तोच माझ्या पाठीशी चाचांनी जोडाची तार छेडली.

‘कोणाच्या तरी लाईनवर आवाज येतोय,’ वरिष्ठ म्हणाले. ‘झिणझिण. जरा म्यूट करता का?’

मी बोट उचलले आणि ते तसेच राहिले, कारण तार अजून वाजत होती. तेवढ्यात पुण्याहून कोणीतरी समाधानाने म्हणाले, ‘हां, गेला. सिस्टिम आता आपोआप काढते असले आवाज.’

‘काय म्हणायलेत रे, बाळू?’

‘आवाज गेला म्हणतायत, चाचा.’

चाचांनी घोडीशी कान नेला, सूत केसभर मागे ओढले आणि पुन्हा तार छेडली. ‘कुठं गेलाय?’ ते म्हणाले. ‘हाय की.’