पॉइंटाची गोष्ट

भूमितीच्या पुस्तकातल्या बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते, जाडीही नसते. ज्याचे भाग पडत नाहीत तो बिंदू, असं युक्लिड दोन हजार वर्षांपूर्वीच सांगून गेला. त्याचा इंग्रजी अवतार ‘पॉइंट’ आपल्या मुलखात आला, त्याला इथलं पाणी लागलं, आणि तो असा फोफावला की आता त्याला पार्किंगही लागतं.

महाबळेश्वरला जाऊन पाहा. टॅक्सीवाला तिथे पॉइंट विकतो, डोंगरदऱ्या त्यावर फुकट. ‘किती पॉइंट दाखवणार?’ इथूनच घासाघीस सुरू होते. साहेब लोक आले, कड्याच्या टोकाला उभे राहिले आणि जागांची नावं बदलून गेली. सिंदोळ्याचा झाला विल्सन पॉइंट, मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावाचा. नाकेखिंडीचा झाला केट्स पॉइंट, त्यांच्या आधीचे एक गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या लेकीच्या नावाचा. नाकेखिंड या नावात निदान वाट होती, चढ होता, लागलेला दम होता. पॉइंटावर फक्त पोचायचं असतं. कठड्याला टेकायचं, ‘वा!’ म्हणायचं, भाजलेलं कणीस घ्यायचं आणि ड्रायव्हरने हाक मारली की पुढच्या पॉइंटाला निघायचं. समोर धुक्याखेरीज काही दिसलं नाही तरी पॉइंट हिशेबात धरला जातोच.

मुंबईच्या नरिमन पॉइंटाची कथा और आहे. बॅरिस्टर खुर्शेद नरिमन यांनी 1920च्या दशकात बॅकबे भराव योजनेतला गैरकारभार चव्हाट्यावर आणला, त्यापायी अब्रुनुकसानीचा खटला अंगावर घेतला आणि तो जिंकलाही. पुढे समुद्रात भराव घालूनच जी जमीन झाली, जिच्यावर ऑफिसांचे मनोरे उभे राहिले, तिला नाव दिलं त्यांचंच. ही गंमत तिथे थांबून ऐकायला कोणाला वेळ नाही, सगळ्यांना लोकल पकडायची असते.

पण पॉइंटाचं खरं राज्य पाहायचं तर नव्या घराचं वायरिंग चालू असताना. वायरमन कानामागची पेन्सिल काढतो आणि भिंतीवर फुल्या मारत सुटतो. ‘हा लाइटचा, हा पंख्याचा, ही बेल, आणि बाथरूममध्ये गिझरला पॉवर पॉइंट.’ आमच्याकडे हे ऐकून एमबीए करणाऱ्या भाच्याने लॅपटॉपवरून मान वर केली. त्याचाही पॉवर पॉइंटच चालला होता, बावीस स्लाइडचा. ‘पंधरा अँपिअरचा लागंल,’ वायरमन म्हणाला. भाचा विचारात पडला. दर पॉइंटमागे ठरलेला, त्यामुळे वायरमनला कोरी भिंत बघवत नाही. घरातल्या बायकांना मिक्सरशेजारी आणखी एक हवाच असतो. पैसे देणारा बोटं मोजत उभा. इतकं होऊन, भिंतीला झिऱ्या मारून, प्लास्टर, रंग सगळं उरकल्यावर फ्रिज जिथे ठेवायचा ठरतो तिथे पॉइंट नसतोच. मग एक्स्टेन्शन बोर्डाची वायर घरभर सरपटत फिरते आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येते.

बाहेर गवंड्याचंही ‘पॉइंटिंग’ चालू असतं. दगडी भिंतीच्या सांध्यांत सिमेंट भरायचं, एवढंच. शिकणारी पोरं निकालाचा ‘पॉइंटर’ सांगतात. साडेआठ पॉइंटरवाला आला की बाकीच्यांचे आईबाप आपल्या मुलाकडे पाहतात. छापखान्यात अक्षरं पॉइंटांत मोजतात, 72 पॉइंटांचा एक इंच. आणि सेन्सेक्स हजार पॉइंटांनी आपटला की आयुष्यात एक शेअर न घेतलेले काकाही चहाचा कप खाली ठेवतात. पॉइंट म्हणजे रुपया नव्हे, हे त्यांना माहीत असतं. तरी ठेवतात.

सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘माझा एक छोटा पॉइंट आहे’ असं म्हणून जो उठतो, तो पाण्याच्या टाकीपासून सुरुवात करून लिफ्टमार्गे 1998 सालच्या बिल्डरपर्यंत जातो. क्रिकेटमध्ये बॅट्समनच्या नाकासमोर उभं राहायच्या जागेला ‘सिली पॉइंट’ म्हणतात. हे नाव क्रिकेटवाल्यांनी अडवून ठेवलं नसतं तर आमच्या सेक्रेटरींना इतिवृत्त लिहिताना फार उपयोगी पडलं असतं.

चेष्टा थांबावी असेही दोन पॉइंट आहेत. रेल्वेत एका रुळातून दुसरा फुटतो तिथली सरकती पाती म्हणजे पॉइंट. तो बिघडला की कल्याण-डोंबिवलीचा अख्खा दिवस बिघडतो. तो सांभाळणारा पॉइंट्समन एरवी कोणाच्या खिजगणतीत नसतो. 17 एप्रिल 2021 रोजी वांगणी स्टेशनात रुळांवर पडलेल्या लहान मुलाला उचलायला पॉइंट्समन मयूर शेळके समोरून येणाऱ्या गाडीच्या दिशेने धावत गेले, तेव्हा कुठे हा हुद्दा घरोघर कळला.

दुसरा पॉइंट दूध डेअरीतला. गाईच्या दुधाला साधारण साडेतीन टक्के फॅट आणि साडेआठ टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरणारे घन घटक, धरून दर ठरतो. टक्क्याचा एक दशांश म्हणजे एक पॉइंट. पहाटे कॅन घेऊन आलेला माणूस फॅट मशीनच्या काचेकडे टक लावून पाहतो. तीन पॉइंट चार आलं की लिटरमागे पैसे कापले. पॉइंट वाढला तर मिळतात त्याहून जास्त पैसे पॉइंट घटला की जातात, ही दूध उत्पादकांची जुनी तक्रार आहे. वैरण बदलली, पाऊस लागला, गाय नुकती व्यालेली आहे, यातलं काही मशीनला सांगता येत नाही. विल्सन पॉइंट सवडीने बघितला तरी चालतो. या पॉइंटाची पावती मात्र रोज वाचून घ्यावी, आणि आकडा पटला नाही तर दूध पुन्हा तपासायला लावावं.