ड्रॉइंग मिळालं की सुरू करतो

प्रत्येक तालुक्याला एक रॉकेटवाले सर असतात. कुठे ते वीज मंडळात असतात, कुठे पोस्टात. आमच्या जिवतीत ते शाळेत आहेत. त्यांनी आजवर एकही रॉकेट बनवलेलं नाही. मॉडेल बनवणारा माणूस वेगळा आणि मॉडेलचं ड्रॉइंग शोधणारा वेगळा. पहिल्याचं काम कधीतरी संपतं. सर दुसऱ्यातले. "मॉडेल कधी, सर?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "ड्रॉइंग मिळालं की सुरू करतो."

जिवती हा माणिकगड पहाडावरचा तालुका. इथल्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही हक्क सांगतात; एकेका घरात दोन राज्यांची रेशनकार्डं, दोन्हीकडच्या मतदारयाद्यांत नावं. हद्द नेमकी कुठून जाते यावर दोन सरकारांचं वर्षानुवर्षं जमलं नाही, त्याच मुलखात हा माणूस इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याचा सांधा नेमका कुठून जातो यासाठी रात्र रात्र जागतो.

परदेशी यानांबद्दल सरांना तुच्छताच आहे. नासानं अपोलोच्या वेळी पत्रकारांना वाटलेल्या माहितीपुस्तिकांतसुद्धा रेखाचित्रं सापडतात. सॅटर्न-५ ची उंची ११०.६ मीटर, १४४ नं भागा, मॉडेल ७७ सेंटिमीटरचं. "यात शोधायचं काय राहिलं?" मात्र त्या सॅटर्नचे आराखडे नासानं हरवले, असं कुणी बोललं की सर कप खाली ठेवतात. "हरवले नाहीत. मायक्रोफिल्मवर आहेत, मार्शल केंद्रात." जणू कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात आहे.

खरी तहान इस्रोची. मोहिमेची रंगीत पुस्तिका मिळते, तीत पीएसएलव्हीची उंची ४४.४ मीटर, व्यास २.८ मीटर, सगळं असतं. पण वरच्या टोपाचा उतार किती अंशांचा? नाही. आणि असणारही नाही. उपग्रह नेणारं रॉकेट आणि क्षेपणास्त्र ही सख्खी भावंडं, घरातली कागदपत्रं कोण चव्हाट्यावर मांडेल? कुणीतरी माहितीचा अधिकार टाकायला सुचवलं, तर सरांनीच त्याला कलम ८ तोंडपाठ म्हणून दाखवलं. मग उरतो फोटो. माहीत असलेला व्यास धरायचा आणि बाकीचं पट्टीनं काढायचं. पण फोटो खालून काढलेला असला की वरचा भाग निमुळता येतो, सगळा हिशेब कोलमडतो. फोटो लांबून, समोरून आणि सरळ हवा. म्हणून उड्डाणाच्या वेळी सगळा देश टाळ्या वाजवत असताना सर टीव्हीसमोर कॅमेरावाल्यावर खेकसत असतात, "आग काय दाखवतोस बाबा, सांधा दाखव!"

सरकार ड्रॉइंग देत नाही हे खरं, पण नोटा छापतं. जुन्या २ रुपयांच्या नोटेमागे आर्यभट उपग्रह आहे. सरांच्या डायरीत ती प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलेली. खऱ्या आर्यभटाला २६ बाजू होत्या, नोटेवर त्यातल्या किती दिसतात हे सर भिंगानं मोजतात. २ हजारांच्या नोटेमागे मंगळयान होतं. २०२३ मध्ये ती नोट परत घ्यायला लागल्यावर सगळे बँकेत धावले आणि सरांनी आपली एक नोट डायरीत दडवली, कारण अँटेनाचा कोन अजून मोजायचा होता. मुदत गेली. आता बदलायची तर नागपूरला रिझर्व्ह बँकेत जावं लागेल, म्हणजे वहिनींच्या हिशेबानं जाण्यायेण्यात आणि जेवणात त्यातले निम्मे उडणार. "मंगळावर कमी खर्चात गेले म्हणे," एवढंच त्या म्हणतात.

एकदा मात्र गाडी रुळावर आली होती. एलव्हीएम-३ चा मुख्य टप्पा ४ मीटर व्यासाचा, बाजूचे दोन बूस्टर ३.२ मीटरचे, वरचा टोप ५ मीटरचा. मुख्य टप्प्याला ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप धरला तर बूस्टरना ८८ लागतो, बाजारात ९० मिळतो. टोपाला १३७.५, बाजारात १४०. म्हणजे हे रॉकेट देवानं आणि इस्रोनं शेतकऱ्यांच्या पाइपांसाठीच बांधलंय! सर गडचांदूरला गेले. दुकानदार म्हणाला, "तुकडा नाही मिळत जी, अख्खा घ्या. किती एकरात टाकायचाय?" तीन अख्खे पाइप काळी-पिवळीच्या टपावर बांधून घाट चढताना, पाण्यासाठी कायम आसुसलेल्या आमच्या पहाडावर जो तो विचारू लागला, "बोअरला पाणी लागलं का सर?" घरी येऊन सरांनी करवत घेतली आणि थबकले. ८८ आणि ९०. दोन मिलिमीटर! पुन्हा ड्रॉइंगचा शोध सुरू. ११० चा पाइप सध्या पन्हळीखाली आहे. वहिनींनी पावसाळ्याआधी प्रक्षेपण उरकून घेतलं.

२०२३ मध्येच चंद्रयान-३ उतरल्यावर गणपतीत जिकडेतिकडे विक्रम लँडरचे देखावे झाले. आमच्याकडेही थर्माकोलचा झाला. आरती चालू असताना सर लँडरखाली वाकलेले. सगळ्यांना वाटलं साष्टांग नमस्कार. "इंजिनं पाच लावलीत," ते वर येऊन म्हणाले, "ही चंद्रयान-२ ची. यंदा मधलं काढलंय." पोरं म्हणाली, "सर, मधल्यात बल्ब आहे. काढला तर बाप्पा अंधारात."

पण सरांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस याच्या आधीचा, २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी आकाशातून जळते गोळे गेले आणि आपल्याच जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची भली मोठी कडी येऊन पडली. आसपास गोळेही सापडले. चिनी लाँग मार्च-३बी रॉकेटचा तो तिसरा टप्पा असावा, असं जाणकारांनी म्हटलं. इस्रोचे लोक येऊन पाहून गेले. लोक घाबरले होते, काही जण सेल्फी काढत होते. सर टेप घेऊन निघाले. त्या टप्प्याचा व्यास ३ मीटर, आणि कडीही तेवढीच! आयुष्यात पहिल्यांदा कागदावरचा आकडा आणि वस्तू समोरासमोर. पण वस्तू पोलिसांच्या ताब्यात, हात लावायला मनाई. मग सरांनी पंचनाम्यातल्या घटनास्थळाच्या नकाशाची प्रत मागितली.

हवालदारानं समजावलं, "अजी सर, त्यात माप-गिप काही नसते. पूर्वेला विहीर, पश्चिमेला मोहाचं झाड, मधात एक गोल."

"सही-शिक्का असतो ना?" सर म्हणाले. "मग द्या. विहीर मी खोडून टाकीन."