मागणी चाळीसची, वापर एकाचा

सोलापूरकराला झोपेतून उठवून उजनी धरणाची टक्केवारी विचारा, दशांशासकट सांगेल. 2024च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नाशीच्याही खाली गेलं, तेव्हा चहाच्या टपरीवर सगळेच जलतज्ज्ञ झाले होते. याच सोलापूरवरचे ढग पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था अभ्यासते. 2018 आणि 2019च्या पावसाळ्यात इथे कृत्रिम पावसाचे प्रयोगही झाले. ढगांची गणितं सोडवायला महासंगणक लागतो. संस्थेत 2018 साली ‘प्रत्युष’ आला, 2024 मध्ये ‘अर्क’.

आता असा महासंगणक घ्या की जोडलेल्या संगणकांचा कुठलाही क्लस्टर, वापरकर्ते आले की साठेबाजी आलीच. प्रोग्रॅम चालतो एका कोअरवर, मागणी चाळीसची. (समांतर चालेल असं लिहिलेलंच नसतं, पण मागायला काय जातं?) मेमरी ‘असू दे थोडी जास्त’. वेळ चोवीस तास. काम पाऊण तासात आटोपतं, नाहीतर तिसऱ्याच मिनिटाला अडकून निवांत बसतं. साहेब तोवर जेवायला गेलेले.

बघायची सोय नाही म्हणावं, तर तीही आहे. कामं रांगेत लावणाऱ्या स्लर्म या शेड्यूलरवर ‘एसस्टॅट’ चालू कामाची मेमरी आणि प्रोसेसरचा वेळ दाखवतं. काम संपल्यावर ‘सेफ’ कार्यक्षमता टक्क्यांत मांडतं. पीबीएस या दुसऱ्या शेड्यूलरवर ‘क्यूस्टॅट’ आहे. पण ही टक्केवारी बघवत नाही, म्हणून बघायचीच नाही! गंमत अशी की जास्त मागणाऱ्याचं कामच रांगेत जास्त रखडतं. छोटी मागणी शेड्यूलर मधल्या फटीत बसवून टाकतो.

तेव्हा मंडळी, काम लावल्यावर पाच मिनिटांनी एकदा आकडे बघा, आणि पुढच्या वेळी लागतील तेवढेच कोअर मागा.