मावशी (तमाशातील)

ढोलकीफडाच्या तमाशात गण संपला की गौळण लागते. त्या गौळणीत राधेला आणि तिच्या सख्यांना मथुरेच्या बाजाराला घेऊन निघालेली जी पोक्त, तोंडाळ आणि बहुधा अंगाने ऐसपैस बाई असते, ती मावशी. तिला नाव नसते, गाव नसते. नवरा असल्याचे तिच्या बोलण्यातून कळते, पण तो बोर्डावर, म्हणजे रंगमंचावर, कधी येत नाही, आणि तिचे बोलणे थोडा वेळ ऐकल्यावर तो का येत नाही हेही कळते. ती नेमकी कोणाची मावशी, याचा खुलासा कोणताही फड करत नाही. गवळणींची तर ती आहेच. पेंद्याची, कृष्णाची आणि पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसलेल्या सरपंचांचीही ती मावशीच असते. ही भूमिका परंपरेने पुरुष करतो. गौळणीची नायिका म्हणून नाव घेतले जाते ते राधेचे. मावशीची बोळवण 'विनोदी पात्र' एवढ्यावर होते. हा अन्याय आहे. मात्र त्याची सुरुवात खुद्द मावशीनेच केली आहे.

मावशी पाहायची तर जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत चैत्र-वैशाखात पाहावी. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात. राहुटी म्हणजे फडाची हंगामी कचेरी: एक टेबल, काही खुर्च्या, दर्शनी भागात नर्तिकांच्या फोटोंचा भलामोठा फलक आणि गावोगावच्या यात्रा कमिट्यांची वाट पाहणारा व्यवस्थापक. कमिटी येते, यात्रेची तारीख सांगते, चहा होतो, घासाघीस होते, सुपारी ठरते. यात्रेचा क्रमही बांधलेला असतो. दिवसा घाटात, म्हणजे धावपट्टीवर, बैलगाडा शर्यती, कुस्त्या, रात्री तमाशा, दुसऱ्या सकाळी हजेरी, म्हणजे फडाचा सकाळचा खेळ. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने शर्यती बंद झाल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. मधली सात वर्षे घाट ओस होते, परंतु टाळेबंदीचा काळ सोडला तर रात्रीच्या कार्यक्रमात मावशी होती. बैलांवर बंदी आली, मावशीवर बंदी घालण्याची हिंमत कोणी केली नाही.

गणासाठी या मुलखात गणपतीला लांबून बोलवावे लागत नाही. अष्टविनायकांपैकी लेण्याद्री आणि ओझर हे दोघे जुन्नर तालुक्यातच आहेत. गणपती येऊन आशीर्वाद देऊन गेला की कृष्ण आणि त्याचा बोबडा, लंगडा सवंगडी पेंद्या येतात आणि मथुरेची वाट अडवून उभे राहतात. दह्यादुधाची जकात दिल्याशिवाय कोणी पुढे जायचे नाही, असा त्यांचा ठराव असतो. वाट अडवून जकात घेणे या भागाला नवे नाही. नाणेघाटाच्या माथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळी घाट चढून येणारे व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकत, असे सांगतात. आज त्याच तालुक्यात चाळकवाडीला महामार्गाचा टोलनाका आहे. कृष्णाने मधल्या काळात तेच काम केले, फक्त पावती दिली नाही. गवळणींच्या बाजाराचे मात्र आता कठीण झाले आहे. १९९२ पासून मंचरजवळ मोठी डेअरी आहे आणि तिच्या मालाचे नावच 'गोवर्धन' असल्यामुळे मथुरेला जाण्याचे कारण उरलेले नाही. मावशीचे दूध तिथे घेतील की नाही, हे फॅट लावल्याशिवाय सांगता येत नाही. तिच्या घागरीतले दूध कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते, याबद्दल पेंद्याला पहिल्यापासून शंका आहे.

वाट अडली की तरुण गवळणी घाबरतात, पदर चावतात, एकमेकींच्या मागे लपतात. मावशी पुढे होते. तिची वाटाघाटीची पद्धत ठरलेली आहे: आधी शिवी, मग नाते, मग तडजोड. 'मेल्या' आणि 'मुडद्या' ही तिची साधी संबोधने, राग आल्यावरची वेगळी. शिव्या वाटताना ती कृष्ण आणि पेंद्या असा भेद करत नाही. देवापुढे सगळे सारखे, असे कीर्तनात ऐकायला मिळते; मावशीपुढे देवही सारखा, हे तमाशात पाहायला मिळते. शिव्या संपल्या की ती यशोदेची खुशाली विचारते, कृष्ण पाळण्यात असताना त्याची लाज कोणी झाकली याची आठवण सगळ्या गावासमोर करून देते, आणि प्रतिपक्ष खाली मान घालून उभा राहिला की हळूच विचारते, "बोल, किती घेशील?"

इथपर्यंत मावशीची जीत असते. तिचा पराभव पुढच्या एका वाक्यात होतो. कृष्ण दिलदारपणे जाहीर करतो की राधेने थांबावे, इतरांनी जकात द्यावी, आणि मावशीला फुकट सोडावे. टोलनाक्यावर फुकट सोडलेला माणूस मागे वळून न पाहता गाडी हाकतो. मावशी घागर खाली ठेवते. तिला अडवण्याइतकी ती वाईट आहे काय, असा तिचा सवाल असतो. मग ती आपले रूप, रंग, चाल आणि गेलेल्या जवानीचा तपशील पुराव्यादाखल मांडू लागते, गिरकी घेते, पदर दाताखाली धरते, आणि मंडपात शिट्ट्या आणि हशा यांचा कल्लोळ होतो. जुन्नर-आंबेगावातली पायवाट आता उसातून जाते आणि उसात बिबटे आहेत. जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी वनखात्याने माणिकडोहला केंद्र उभारले आहे. बिबट्यानेही मावशीला सोडूनच दिले असते, असे एखादा पेंद्या म्हणाला तर तिला बिबट्याचा राग येईल. आपण वाघाची मावशी नसून माणसांची आहोत, हे ती त्याला दोन शब्दांत समजावील.

एवढ्या फुशारक्या मारणारी बाई स्वतःला कमी लेखते, हे चटकन पटत नाही. पण तिने स्वतःच्या जमेला काय धरले आहे ते पाहावे. रूप धरले आहे, जे तिच्यापाशी नाही. वय धरले आहे, जे तिने निम्मे करून सांगितले आहे. या दोन बाबतींत तिचा अंदाज अवाच्या सवा आहे. उरलेल्या बाबी तिने लिहिल्याच नाहीत. पहाटे सगळ्यांना हाका मारून उठवले कोणी, जिचे पोर रडत होते तिच्यासाठी वेशीवर थांबले कोणी, भेदरलेल्या पोरीला मध्ये घालून स्वतः कडेने चालले कोणी? फड बदलला की तपशील बदलतात, पण कडेने चालणारी मावशीच असते. पेंद्याच्या लंगडण्याची नक्कल ती सगळ्यांत क्रूरपणे करते आणि लोण्याचा पहिला गोळा त्याच्याच हातावर ठेवते, तोही "गिळ मेल्या" म्हणून. हे सारे ती इतके सहज करते की त्याची किंमत असते हे तिच्या डोक्यातच येत नाही. कोणी आभार मानायला आलेच तर ती त्याला विचारील, "ते राहू दे, मी दिसते कशी?"

स्वतःचे मोल जाणणारी बाई कशी असते, हे पाहायला मावशीला फार दूर जायला नको. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख आहे, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. त्यात यज्ञांची यादी आहे आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापणे ही सगळी आकड्यांसकट नोंदलेली आहेत. दान केले आणि हिशेब दगडात कोरून ठेवला. दोन हजार वर्षांनी त्याच तालुक्यातल्या मावशीने पेंद्याला दिलेल्या लोण्याची नोंद कोठेही नाही.

मावशी पुरुषानेच का करायची, याला इतिहास आहे. पूर्वी तमाशातल्या सगळ्याच स्त्रीभूमिका नाच्या पोरे करत. शाहीर पठ्ठे बापूरावांच्या फडात संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा उभी राहिली, तिच्या मागून इतर स्त्रिया आल्या, आणि राधा व गवळणी खऱ्या बायका झाल्या. मावशी तेवढी पुरुषाकडे राहिली. पुरुषाने लुगडे नेसले की हसू येते, हे कारण नेहमी दिले जाते आणि ते खोटे नाही. पण त्यात आणखी एक मख्खी आहे. मंडपातले प्रेक्षक नर्तिकांकडे ज्या नजरेने पाहायला आलेले असतात, ती नजर मावशी मागून घेते आणि त्यांच्याच तोंडावर फेकते. "बघ की मेल्या, लाजतोस काय!" असे मिशीवाल्या मावशीने मिशीवाल्या प्रेक्षकाला म्हटले की पुढच्या दोन रांगा काही वेळ जमिनीकडे पाहतात. गवळणींना तेवढाच श्वास मिळतो.

बोर्डावरचा तिचा खरा कारभार यापेक्षाही मोठा आहे. नर्तिकांचे कपडे बदलायचे राहिले असतील तर मावशीने बोलणे लांबवायचे. जनरेटर रुसला तर अंधारात आवाज टाकायचा. एखादा पिऊन बोर्डाकडे सरकू लागला तर पोलिसांच्या आधी मावशीने त्याचे नाते काढायचे. मावशीने भाचा म्हटलेला माणूस पुढे येऊन करणार काय? गावात आल्याबरोबर कोणाचा बैल घाटात पहिला आला, कोणाची बोअर कोरडी गेली, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे काय झाले, याची चौकशी करून ते रात्रीच्या बोलण्यात पेरायचे, हेही तिचेच काम. यातले काही लिहिलेले नसते. गौळणीनंतरच्या वगाला, म्हणजे कथानाट्याला, लेखक असतो. १८६५ सालचा 'मोहना बटाव' हा पहिला वग मानतात आणि त्याचा कर्ता उमा सावळजकर याचे नाव लोकांना ठाऊक आहे. 'गाढवाचं लग्न' हरिभाऊ वडगावकरांचे. त्यात वसंत अवसरीकर गाजले, आणि त्यांच्या आडनावात आंबेगावातले अवसरी आहे. त्याच वगातली सावळ्या कुंभाराची बायको गंगी जिभेने मावशीची सख्खी भाची शोभेल, पण गंगीला नाव आहे, नवरा आहे, तिच्या वगावर चित्रपटही निघाला. मावशीचे संवाद एका नटाकडून दुसऱ्याकडे कानाने जातात आणि लेखकाच्या जागी रिकामी जागा राहते.

आपल्या कष्टांचा हिशेब न मांडण्याची ही खोड गौळणीपुरती राहिलेली नाही. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या नावाने नारायणगाव महाराष्ट्राच्या घराघरात पोचले. खेळ चालू असताना मागे जाऊन बाळंत झालेल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिलेल्या विठाबाईंची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. १९५७ आणि १९९० असा दोनदा त्यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. अखेरची वर्षे ओढगस्तीत गेली आणि २००२ साली त्या वारल्या. आता राज्य सरकार तमाशातल्या ज्येष्ठ कलावंताला जीवनगौरव पुरस्कार देते तो विठाबाईंच्या नावाने. तो सुरू झाला त्यांच्या पश्चात, त्यामुळे खुद्द विठाबाईंना मिळण्याची सोय नव्हती. मावशीला हा विनोद कळला असता आणि तिने तो संबंधितांच्या तोंडावर करूनही दाखवला असता.

मावशीची किंमत एकदा उघड झाली होती. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि देशभरची टाळेबंदीही त्याच दिवसापासून लागली. यात्रा रद्द झाल्या, राहुट्यांचा हंगाम बुडाला, फडांचे हाल झाले. लोकांकडे फोन होते आणि फोनमध्ये लावण्यांना तोटा नव्हता. नाच हवा तेवढा पाहता येत होता. मावशी मात्र फोनवर चालत नाही. तिला गावच्या पाटलाचे नाव लागते, समोर बसलेला भाचा लागतो आणि उलट शिट्टी लागते. रेकॉर्ड केलेली मावशी आपल्या सरपंचांना ओळखत नाही.

राहुटीतल्या फलकावर तिचा फोटो अजूनही नसतो. गौळण संपली की तिचा नट लुगडे सोडतो आणि वगात सावकार नाहीतर हवालदार होऊन परत येतो, आणि त्याला टाळी देणाऱ्यांना तो मघाची मावशी होता हे आठवतही नाही. तेव्हा येत्या पाडव्याला नारायणगावला सुपारी ठरवायला जाणाऱ्या कमिट्यांनी नर्तिका किती, गाड्या किती आणि लायटिंग कसली हे विचारून झाल्यावर मावशी कोण करतो हेही विचारावे, आणि उत्तर आल्याशिवाय इसार देऊ नये.