मॅटाडोरच्या टपाचं उत्खनन

गाडीच्या टपावर चढलेल्या माणसाकडे लोक आदराने पाहतात, अशी माझी समजूत होती. म्हणून मॅटाडोर गळायला लागल्यावर मी ताडपत्रीच्या आधी टोपी विकत घेतली. व्हिडिओंमधले जर्मन गृहस्थ अशीच टोपी घालून आपल्या कॅम्परचं छत दुरुस्त करतात. ते फार बोलत नाहीत आणि त्यांना घामही येत नाही. मी मात्र पुण्यात, मे महिन्यात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये.

गाडी आकुर्डीत जन्मलेली. मागचे बाक काढून गादी, शेगडी आणि पिवळे दिवे बसवले की तिचा कॅम्पर होतो, असं माझं मत. घरच्यांच्या मते ती टेम्पोच राहिली. भेटेल त्याला मी "कॅम्परचं काम चाललंय" असं सांगायचो. गादीवर परात ठेवली आहे, हे सांगायचो नाही.

बॉडीवाल्याने गाडीभोवती फेरी मारली, टपाचा पत्रा बोटाने दाबला. बोट आत गेलं. "साहेब, टपच बदलू," म्हणत त्याने जो आकडा सांगितला, तेवढ्यात दुसरी मॅटाडोर आली असती. मी म्हणालो, "विचार करून सांगतो." पुण्यात याचा अर्थ काय होतो, ते त्यालाही ठाऊक होतं.

खरवडायला घेतलं तेव्हा कळलं, की हा टप नाही, हे पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या थरांचं, टेकाड आहे. इथे जरा रेंगाळतो, कारण हा माझा आवडता विषय. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी 1968 ते 1983 या काळात घोड नदीकाठी इनामगावला उत्खनन केलं. सर्वांत खाली माळवा संस्कृती, तिच्यावर पूर्व जोर्वे, सर्वांत वर उत्तर जोर्वे. मधल्या थरात ऐसपैस चौकोनी घरं, वरच्या थरात लहान गोल झोपड्या. हवा कोरडी होत गेली, माणसं गरीब होत गेली, आणि ते घरांच्या आकारात उतरलं. माझ्या टपाचंही तेच. तळाशी कारखान्याचा मूळ रंग. त्यावर वेल्डिंगचा काळ, म्हणजे कुणी सधन मालक, पत्र्याला पत्रा जोडणारा. मग लांबीचा काळ, पॉलिश पेपर मारून रंग जुळवलेला. मग डांबर, आणि इथून संस्कृतीला उतरती कळा. मग एम-सील, त्यावर दाबणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा अजून शाबूत. आणि सर्वांत वर सिलिकॉन! या युगाइतकं नतद्रष्ट युग नाही. स्वस्त सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो, तो ॲसिटिक ॲसिडचा. तेच ॲसिड उघड्या पत्र्याला गंज चढवतं. सिलिकॉनवर रंग बसत नाही, नवं सीलंट धरत नाही, आणि ते स्वतः जाता जात नाही.

मी वहीत थरांची नोंद करायला लागलो. शेजारच्या काकांनी खालून विचारलं, "काही सापडलं का?"

"लांबी," मी म्हणालो.

"किती?"

मागच्या कोपऱ्यात डांबराखाली सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा निघाला. चौकोनी कापलेला, पण कोपरे गोल केलेले, म्हणजे उचलले जाऊ नयेत. खालचा पत्रा आधी घासलेला. कडेने सोल्यूशन इतकं नेमकं की एक थेंब बाहेर नाही. ही गाडी पूर्वी शाळेच्या मुलांची ने-आण करायची, असं विकणारा म्हणाला होता. त्या कोपऱ्याखाली बाक होता. पावसाळ्यात तिथे कुणी पोर दप्तर मांडीवर घेऊन बसत असणार. गाडी वेल्डिंगला उभी केली तर त्या ड्रायव्हरचा दिवस बुडणार. मी ज्याला ऐटीत 'कमी बजेट' म्हणतो, तो माझा सुट्टीतला खेळ आहे. गळलं तर गादी भिजते आणि मी वर घरी जाऊन झोपतो. त्या माणसापुढे टोपी काढावीशी वाटली, पण ऊन फार होतं.

नंतर नळीने पाणी मारून पाहिलं. पाणी मारायचं खालून वर, थांबत थांबत, कारण ते शिरतं एकीकडे आणि ठिबकतं भलतीकडे. आमच्या उशीवरचा थेंब पुढच्या कॅरियरच्या बोल्टातून निघालेला होता. ट्यूबचा कोपरा कोरडा.

बाकीचं थोडक्यात. गंज तारेच्या ब्रशने घासला, भोकांवर फायबरची मॅट आणि रेझीन लावलं. पत्र्याला इपॉक्सी जास्त धरतं, पण पॉलिएस्टर स्वस्त, म्हणून पॉलिएस्टर. त्यात हार्डनर एक-दोन टक्के घालतात. भर उन्हात तोही भारी पडतो. मग्यातलं रेझीन उभ्या ब्रशसकट दगड झालं. ते शोकेसमध्ये ठेवू का, असं विचारल्यावर बायको म्हणाली, "ठेवा की. खाली 'कॅम्पर' अशी पाटी लावा." बोल्ट रविवारी जुन्या बाजारातून आणले, त्यांची भोकं पॉलीयुरेथेनने बुजवली, आणि वर पांढरा रंग दिला. ट्यूबच्या तुकड्याला हात लावला नाही.

तर वाचकहो, तुमची गाडी गळत असेल तर डांबर लावा, एम-सील लावा, ट्यूब लावा. सिलिकॉन तेवढं लावू नका. ते खरवडणारा माझ्या माहितीत एकच माणूस आहे, आणि टोपी घेतल्यापासून त्याचा भाव वाढलाय.