तीस मिलीमीटर कमी पडतात

नानांच्या गाडीतून लग्नाला जायचं तर आहेराची साडी, पेढ्यांचा बॉक्स आणि स्वतःची बॅग मांडीवर घेऊन बसावं लागतं. डिकीत जागा नसते. तिथं बाभळीच्या दोन फळ्या, पाऊण इंची प्लायचा चौकोन, चाकांना लावायच्या चार उट्या, लाकडी ठोकळ्यांचं पोतं, बुटका ट्रॉली जॅक, खडू, स्टीलची फूटपट्टी, एक जुनी सतरंजी आणि लाल त्रिकोण असा संसार मांडलेला असतो. स्टेपनी या सगळ्याच्या खाली. त्यामुळे पंक्चर झालं की आधी गोडाऊन रस्त्यावर उतरवायचं, मग स्टेपनीचं दर्शन.

नाना शिरोलीच्या एका फाउंड्रीत इन्स्पेक्शनला होते. कास्टिंगला टिचकी मारायची आणि आवाजावरून तडा ओळखायचा, यात जन्म गेला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण टिचकी निवृत्त झाली नाही. कलिंगड, फरशी, नवा माठ, दाराची चौकट, समोर येईल त्याला ते टिचकी मारतात आणि मान तिरपी करून ऐकतात. आमच्या सोसायटीचा जिना बिल्डरनं ताब्यात दिला तेव्हा नाना पायरी पायरीला टिचकी मारत वर गेले आणि सातव्या पायरीवर थांबून म्हणाले, "ही रिजेक्ट." पुढच्या पावसाळ्यात तिचाच कोपरा निघाला. तेव्हापासून नानांना कुणी थेट नाही म्हणत नाही. फक्त त्यांना बोलवायचं टाळतात.

अशा माणसाच्या दारात ही गाडी यावी, हा दैवाचा विनोद. गाडी खरं म्हणजे पोराची. लांबलचक, आधीच बसकी अशी ती जपानी सेडान पोरानं स्प्रिंगा बदलून आणखी दीड इंच खाली उतरवून घेतली. राजारामपुरीतून निघाली की कॉलेजची पोरं वळून बघायची. मग पोराला स्टुटगार्टला नोकरी लागली आणि किल्ली नानांच्या हातात आली. ज्यानं आयुष्यात टॉलरन्सबाहेरचा एक तुकडा पास केला नाही, त्याच्याकडे सगळीच्या सगळी टॉलरन्सबाहेरची गाडी.

मूळ स्प्रिंगा माळ्यावर आहेत, ग्रीस लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून, तारखेची चिठ्ठी बांधून. "त्या परत बसवून घ्या की नाना," असं सगळे म्हणून झाले. नाना म्हणतात, "पोराला विचारायला पाहिजे." मग विचारा. "विचारतो की." मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात गाडीत असले फेरफार करण्याबद्दल काय म्हटलंय, हे वकील असलेल्या शेजाऱ्यानं एकदा काढलं. एरवी कायद्याचं कलम म्हटलं की खुर्ची पुढे ओढणारे नाना त्या दिवशी पाऊस किती लांबला यावर बोलत राहिले.

गतिरोधकांवर त्यांचा स्वतंत्र अभ्यास आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा, हे त्यांना तोंडपाठ आहे. आपल्याकडचा गतिरोधक ठेकेदाराकडे डांबर किती उरलं यावर ठरतो, हेही. नाना तो तिरका घेतात, एका वेळी एक चाक, आणि मागची वाहतूक तोवर त्यांच्या घराण्याचा उद्धार करते. जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेनं एसयूव्हीचा १७० मिलीमीटर ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा धरायचा असं स्पष्ट केलं. ती बातमी नानांनी मला मोठ्यानं वाचून दाखवली. "रिकामी गाडी! रिकाम्या गाडीत बसतं कोण?"

पण नानांचं खरं रूप बघायचं तर चाक बसायला पाहिजे. गगनबावड्याच्या रस्त्यावर, कळे गावाच्या अलीकडे, पुढचं डावं चाक बसलं तेव्हा मी मागच्या सीटवर होतो, मांडीवर पेढे. दुसरा कुणी असता तर जागेवर थांबून खाली उतरला असता. नानांनी गाडी पावलाच्या वेगानं पुढे सरकवत सरळ, कडक जागा शोधली. उतरले. फूटपट्टी रस्त्यावर आडवी ठेवली आणि खिशातून बेअरिंगचा छर्रा काढून तिच्यावर ठेवला. छर्रा जागचा हलला नाही. पट्टी उभी फिरवून पुन्हा ठेवला. "जागा पास," म्हणाले. एव्हाना नानांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी घडीची खुर्ची काढून उसाच्या कडेच्या सावलीत मांडली होती आणि विणकाम सुरू केलं होतं. त्या खुर्चीलाही डिकीत कायमची जागा आहे.

मग गणित. खडूनं, रस्त्यावरच. धड गाडीच्या दाराखालची कड जमिनीपासून १४० मिलीमीटर. चाक बसल्यावर ८५. नानांचा जॅक बुटका, पूर्ण खाली दाबला की बरोबर ८५. साधा ट्रॉली जॅक तर आतच जात नाही, त्याचीच उंची १३० च्या घरात. म्हणजे नानांचा जॅक जेमतेम जातो, मग लावा ना? नाही. कडेची खडी भुसभुशीत, जॅकची लोखंडी चाकं रुततात, म्हणून खाली प्लाय: १८. जॅकचं लोखंड थेट पत्र्याला लागू नये म्हणून वर खाच पाडलेला रबरी ठोकळा: १२. एकूण ११५. आहेत ८५. "तीस मिलीमीटर कमी पडतात," नाना म्हणाले. असं समाधान मी दहावीचा निकाल लागल्यावर पोरांच्या बापांच्या तोंडावरही पाहिलेलं नाही.

तो रबरी ठोकळा उद्यमनगरात करून घेतलेला. उद्यमनगरात बिघडलेलं नशीब सोडून काहीही लेथवर चढवून मिळतं. दाराखाली दोन पत्रे जोडून आलेली जी कड असते, तिच्यावर कंपनीनं दोन बारीक खुणा ठेवलेल्या असतात. जॅक त्या दोन खुणांच्या मधेच लागला पाहिजे, आणि कड ठोकळ्याच्या खाचेत बसली पाहिजे. बोटभर इकडंतिकडं झालं तर ती कड पापडासारखी दुमडते आणि दार लावताना आयुष्यभर आवाज देते. नानांनी आपल्या गाडीच्या खुणा पिवळ्या ऑइलपेंटनं रंगवून ठेवल्यात, चारही ठिकाणच्या.

एवढ्यात दोन मोटारसायकली थांबल्या. तालमीतली पोरं, चौघं, मैदानाहून परतत होती. मानेला लाल माती अजून तशीच.

"काय झालं ओ काका?"

नानांनी रस्त्यावरच्या खडूकडे बोट केलं.

पोरांनी गणित वाचलं नाही, गाडी बघितली. "त्यात काय हाय! चौघं हाय आमी. कोपरा उचलतो, तुमी जॅक सरकवा."

"किती वेळ धरणार?"

"तुमी म्हणाल तेवढा."

"आणि सोडा म्हणून कोण सांगणार?"

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. नाना म्हणाले, "तिघांनी सोडलं आणि चौथ्यानं ऐकलं नाही, तर त्याच्या बोटांचं काय? आणि धरणार कुठं? हा फेंडर अंगठ्यानं दबतो." त्यांनी पुढच्या फेंडरला टिचकी मारून दाखवली. पोरं वाकून ऐकू लागली, आणि मी समजलो की आता ही पोरं गेली.

पुढचा पाऊण तास त्या चौघांनी नानांच्या हाताखाली काढला. एकानं फळीचा उतरता काठ बसलेल्या चाकासमोर टेकवला. फळी घसरू नये म्हणून तिच्या तळाला जुन्या ट्यूबचा तुकडा ठोकलेला आहे. नानांनी मला स्टिअरिंगवर बसवलं आणि हातांनी विमानतळावरच्यासारख्या खुणा करत पन्नास मिलीमीटरच्या त्या फळीवर चाक चढवून घेतलं. मग हँडब्रेक, मग पहिला गिअर, आणि मग ते प्रवचन, जे सोसायटीत सगळ्यांचं पाठ आहे पण पोरांना नवं होतं. "गिअर टाकला म्हणजे गाडी थांबली असं समजू नका. गिअर पुढची चाकं धरतो. त्यातलं एक हवेत गेलं की ते उलटं फिरायला मोकळं, आणि मग जमिनीवरचंही मोकळं. मधे डिफरन्शियल आहे ना! मग उरला कोण? हँडब्रेक. तो मागच्या चाकांना. आणि त्याची केबल कधी ताणली होती ते कुणाला आठवतं?" म्हणून उट्या. तिरक्या समोरच्या, म्हणजे मागच्या उजव्या चाकाला, पुढून आणि मागून.

नट सैल करायचे ते गाडी जमिनीवर असतानाच, प्रत्येकी अर्धा फेरा. हवेत गेलेल्या गाडीवर पान्याला हिसका द्यायचा म्हणजे ती जॅकवरून ढकलण्यासारखं आहे. मग जॅक. इथं नाना गप्प होतात. ट्रॉली जॅकचा हात सरळ वर जात नाही, कमानीत जातो, त्यामुळे गाडी वर येताना जॅकनं स्वतःहून थोडं सरकलं पाहिजे. प्लायवर तो सरकतो का, हे बघायला नाना दर दोन-तीन दांड्यांनी थांबतात, सतरंजीवर आडवे होतात, गाल जमिनीला लावून बघतात, उठतात, पुन्हा दांडा. चाक सुटलं की लगेच कडेखाली ठोकळ्यांचा आडवा-उभा टेकू रचायचा आणि मगच स्टेपनीला हात लावायचा. जॅकचं सील गेलं तर तो आधी निरोप पाठवत नाही, असं नाना म्हणतात. चौघांतला सगळ्यात आडदांड पठ्ठ्या, ज्यानं मघाशी गाडी उचलायची भाषा केली होती, तो नट ठेवलेली व्हीलकॅप दोन्ही हातांत धरून उभा होता. "हलू नकोस," नानांनी सांगितलं होतं, आणि तो हलला नाही.

अक्षता चुकल्या. जेवण मिळालं. आइस्क्रीम आलं तेव्हा नाना पान्यासह पार्किंगमध्ये होते. नवीन बसवलेलं चाक थोडं चाललं की नट पुन्हा तपासायचे असतात, एकाआड एक, एका बाजूनं ओळीनं नाही.

नानांवर वैतागणारे लोक चूक आहेत असं मी म्हणणार नाही. मीही वैतागतो. पण त्यांची अडचण वेगळी आहे. ज्यानं विटा रचून त्यावर गाडी ठेवली आणि वाचला, त्याच्याकडे सांगायला गोष्ट असते. नानांकडे गोष्टच नाही. इतकी वर्षं गाडी एकदाही जॅकवरून सरकली नाही, एक कड दुमडली नाही, कुणाचं नख गेलं नाही. लोक म्हणतात, "बघा, काही तरी झालं का? उगाच एवढा खटाटोप." नानाही तेच म्हणतात, "बघा, काही तरी झालं का?" दोघांचा पुरावा एकच, आणि त्यावर वाद घालायला कोल्हापुरात संध्याकाळी वेळ भरपूर असतो.

गेल्या ऑक्टोबरात मी सहज त्यांच्याकडे गेलो होतो, तर व्हिडिओ कॉल चालू होता. जर्मनीत ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर वापरायची रीत आहे, आणि रस्त्यावर बर्फ असेल तर तो कायदाच. पोरगा टायर बदलत होता. तिथंही त्यानं बसकीच गाडी घेतलीय.

"फोन खाली घे," नाना म्हणाले. "अजून खाली. मला कड दिसत नाही."

"बाबा, इथं टायरवाल्याकडं नेली असती तर वीस मिनिटांत झालं असतं."

"नेली असतीस तर जॅक त्यानं लावला असता."

"हो, मग?"

"मग काय मग! उटी दाखव."

नानांनी फोन टीपॉयला टेकवून ठेवला होता आणि स्वतः फरशीवर आडवे होऊन, गाल जमिनीला लावून स्क्रीनकडे बघत होते. तसं केल्यानं स्टुटगार्टच्या गाडीखालचं जास्त दिसतं, असा त्यांचा समज असावा. वहिनी चहा घेऊन त्यांना ओलांडून गेल्या. पोरानं उटी दाखवली, मग फळी दाखवली. तीही नानांच्याच मापाची होती, काठ उतरता केलेली. मग सहज म्हणाला, "बाबा, आपल्या गाडीच्या त्या जुन्या स्प्रिंगा आहेत ना माळ्यावर? बसवून टाका की परत. तुम्हाला किती त्रास होतो खाली वाकायला."

नानांनी भुवया आवळल्या. "काय? आवाज तुटतोय रे."

आवाज स्वयंपाकघरापर्यंत स्वच्छ ऐकू येत होता. वहिनी आतून म्हणाल्या, "स्प्रिंगा बसवा म्हणतोय तो!"

"रेंज नाही," नाना फरशीवरूनच म्हणाले. "तू ते राहू दे. दुसऱ्या बाजूची उटी दाखव आधी."