एका वर्गणीदाराची कैफियत

ग्रंथपरीक्षणाचा मक्ता ज्यांच्याकडे आहे त्या विद्वज्जनांची क्षमा मागून, वाचनालयाची वर्गणी मुदतीत भरणारा एक सामान्य सभासद या नात्याने, अलीकडे वाचलेल्या पुस्तकांविषयी माझी कैफियत सादर करीत आहे. खांडेकरांच्या ‘ययाति’तील (१९५९) भोगलोलुप राजाला अधःपाताच्या प्रत्येक पायरीवर इतकी सुभाषिते सुचतात, की एवढा विचारवंत गृहस्थ बिघडला तरी केव्हा, ही शंका मला अखेरपर्यंत छळत राहिली, त्यातच कुणा पूर्ववाचकाने त्या सुभाषितांखाली तांबड्या पेन्सिलीने इतक्या निष्ठेने रेघा ओढल्या होत्या, की कथानक पुढे नेणारे रेघविरहित वाक्य सापडले म्हणजे धन्यता वाटे. नेमाड्यांच्या ‘कोसला’चा (१९६३) नायक पुण्यास शिकावयास जातो, वडिलांचा पैसा यथेच्छ उधळतो आणि रिकाम्या हाताने गावी परततो; समीक्षकांना त्यात अस्तित्ववाद दिसत असला, तरी मनीऑर्डरी पाठविणाऱ्या पितृवर्गाचा प्रतिनिधी म्हणून माझी सारी सहानुभूती वडिलांकडेच गेली. (नायकाची धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूच्या पानांवर मात्र माझा चहा निवला, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.) माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) चिमुकली आहे; एक तरुण मास्तर, धनगरांची वस्ती आणि शेवटी दुष्काळाने ओस पडलेली वाडी, एवढ्या भांडवलावर ती उभी आहे आणि तीत उपदेश शोधूनही सापडत नाही. सहाशे पानांची कादंबरी लिहू इच्छिणाऱ्यांनी, कागदाची मागणी नोंदविण्यापूर्वी, ‘बनगरवाडी’ एकवार वाचावी, ही विनंती.